चमनच्या दरवाज्यातले लघरी

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, दोन बैठकींत वाचली तरी चालेल. पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका, एवढीच विनंती.

ऑक्टोबरच्या मध्यावर आमच्या तालुक्याच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. मोठी कमान, मागे उघडाबोडका डोंगर, धुराचा लोट आणि कुणाचा तरी ओरडण्याचा आवाज. खाली लिहिलेलं, 'पाकिस्तान-अफगाण बॉर्डर, चमन. लागली वाट!' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दिवाळी चार दिवसांवर होती, त्यामुळे फटाक्यांची चित्रंही होती.

संध्याकाळी कोल्ड स्टोरेजबाहेरच्या चहाच्या गाड्यावर ओळखीचे एक बेदाणा व्यापारी भेटले. म्हणाले, "काय पत्रकार, बघितलं का? बॉर्डर बंद झाली. आता अफगाणी माल अडकतोय तिकडंच. आपल्या बेदाण्याला दर बघा कसा लागतोय."

मी म्हटलं, "मालक, त्या गावाचं नाव तरी वाचलं का?"

"चमन का काय ते. आपल्याला नावाशी काय करायचंय?"

त्यांचं तसं काही चुकलं नव्हतं. तासगावच्या बाजारात बसलेल्या माणसाने अफगाणी बेदाण्याची काळजी करायची नाही तर कुणी करायची? पण मला त्या गावाच्या नावाशी काहीतरी करायचं आहे. चार वर्षं झाली, ते नाव डोक्यातून जात नाही.

१६ जुलै २०२१. दानिश सिद्दीकी गेला ती तारीख. रॉयटर्सचा फोटोग्राफर. कोविडच्या दुसऱ्या लाटेत दिल्लीच्या स्मशानातल्या पेटत्या चितांचे वरून काढलेले फोटो सगळ्या जगाने पाहिले, ते त्याचे. तो मारला गेला ते ठिकाण स्पिन बोल्डक. दोनच दिवस आधी तालिबानने ते घेतलं होतं. आम्हा जिल्ह्याच्या पत्रकारांना मोठमोठ्या एजन्सीवाल्यांबद्दल थोडी असूया असते, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्री मी नकाशा उघडून बसलो. स्पिन बोल्डक सापडलं. त्याला खेटून, रेषेच्या अलीकडे, चमन. मधलं अंतर किती, तर आमच्या तालुक्याच्या गावापासून शेजारच्या खेड्याइतकं. तेव्हापासून या गावाबद्दल मिळेल ते वाचतो. मी तिथं गेलेलो नाही, जाण्याची शक्यताही नाही. त्यामुळे हे सगळं वाचलेलं आहे, डोळ्यांनी बघितलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चमन म्हणजे बाग. मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको, जालन्यात गांधी चमन आहेच. (गांधींचा विषय पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.) पाकिस्तानातल्या बलुचिस्तान प्रांताची राजधानी क्वेट्टा. तिथून वायव्येला सव्वाशे किलोमीटरवर चमन. पलीकडे साधारण तेवढंच गेलं की कंदाहार. प्रांताचं नाव बलुचिस्तान असलं तरी हा सगळा उत्तरेचा पट्टा पश्तूनांचा, म्हणजे आपण ज्यांना पठाण म्हणतो त्यांचा. अचकझई आणि नूरझई या इथल्या मोठ्या जमाती. दोन्ही जमाती रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत. किल्ला अब्दुल्ला जिल्ह्यातून २०२१ साली चमन वेगळा जिल्हा झाला. २०२३ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचार लाखांच्या वर भरली.

आता ही रेष कुठून आली ते बघा. क्वेट्ट्याकडून येताना खोजक खिंड लागते. १८३९ साली इंग्रजांची फौज याच खिंडीतून तोफा ओढत कंदाहारला गेली. त्या पहिल्या अफगाण युद्धात जे मेले, त्यांच्या आठवणीत मुंबईत कुलाब्याला चर्च बांधलं. आपण त्याला अफगाण चर्च म्हणतो आणि बाहेरून बघून पुढे जातो. दुसरं अफगाण युद्ध १८७८ ला सुरू झालं. १८७९ च्या गंडमक तहाने पिशीनचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढच्याच वर्षी, जुलै १८८० मध्ये, कंदाहारच्या पश्चिमेला मैवंदला इंग्रजांचा सडकून पराभव झाला, आणि तिथं जे कापले गेले त्यांत मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या. आपण 'अटकेपार झेंडे' म्हणतो ते १७५८ चं. हे त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, दुसऱ्याच्या झेंड्याखाली. ते मात्र आपण कधी सांगत नाही.

मग इंग्रजांनी खोजक डोंगरच पोखरला. १८८८ ला काम सुरू, १८९१ ला बोगदा आरपार. लांबी जवळजवळ चार किलोमीटर. पाकिस्तानच्या जुन्या पाच रुपयांच्या नोटेवर याच बोगद्याचं चित्र होतं. गाडी डोंगरातून बाहेर पडून खाली सपाटीला येते, तिथं रूळ संपतात. ते चमन. कंदाहार पुढे दिसत नाही, पण रोख तिकडेच. काबूलच्या अमिराला ही रेल्वे आपल्या पोटावर रोखलेल्या सुरीसारखी वाटायची. माझ्या मते त्याचं काही चुकत नव्हतं.

१२ नोव्हेंबर १८९३ ला मॉर्टिमर ड्युरँड आणि अमीर अब्दुर रहमान खान यांच्यात करार झाला. हीच ती ड्युरँड रेषा, अडीच हजार किलोमीटरहून लांब. करार छोटासा आहे. पण त्यात नव्या चमनसाठी वेगळं कलम आहे. तिथल्या छावणीला असलेला विरोध अमीर मागे घेतो, आणि सिरकाई तिलेराई नावाच्या पाण्यावरचे त्याने विकत घेतलेले हक्क इंग्रजांना देतो. दोन साम्राज्यांच्या करारात एका पाण्याच्या हक्काचा उल्लेख! दुष्काळी तालुक्यात पत्रकारिता केलेल्या माणसाला हे वाचून हसू आलं नाही, अंगावर काटा आला. पाणी कुणाचं हे आधी ठरलं. माणसं कुणाची, ते कुणी विचारलंच नाही.

कागदावर रेष आली, जमिनीवर मात्र ती बरीच वर्षं जाणवत नव्हती. एखाद्याचं घर अलीकडे, शेत पलीकडे. भाऊ चमनला, दुकान पलीकडच्या वेश बाजारात. सोयरीक दोन्हीकडे, कबरस्तानही दोन्हीकडे. चमनच्या माणसाने ओळखपत्र दाखवायचं, कंदाहारच्या माणसाने त्यांचा तझकिरा दाखवायचा, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं. रेषेवर काही खेडी अशीही आहेत की नेमकं कुठलं घर कुठल्या देशात यावरच भांडण. मे २०१७ मध्ये पाकिस्तानची जनगणना सुरू असताना किल्ली लुकमान आणि किल्ली जहांगीर या दोन गावांत प्रगणक गेले आणि दोन्ही लष्करांत गोळीबार झाला. दोन्हीकडची माणसं मेली. माणसं मोजायला गेलेल्यांमुळे माणसं मेली. दरवाजा तीन आठवडे बंद राहिला. त्याच वर्षी पाकिस्तानने काटेरी कुंपण घालायला सुरुवात केली.

दरवाजा म्हणजे 'बाब-ए-दोस्ती', मैत्रीचा दरवाजा. २००३ साली बांधलेला. त्या व्हिडिओतली कमान ती हीच.

आता पोटापाण्याचं बोलू, कारण खरा विषय तोच आहे.

हा भाग मुळात शेतीचा आणि मेंढपाळीचा. पाऊस जेमतेम. पाणी यायचं कारेझमधून. डोंगराच्या पायथ्याला विहीर खणायची, मग ओळीने विहिरी खणत त्या तळाशी बोगद्याने जोडायच्या, आणि नुसत्या उतारावर पाणी गावाच्या शिवारापर्यंत आणायचं. मोटार नाही, पंप नाही. संभाजीनगरच्या पाणचक्कीला ज्या नहरीतून पाणी यायचं, त्याच जातीची ही विद्या. कारेझ एकट्याची नसते. भागीदारांच्या पाळ्या असतात, गाळ काढायला सगळ्यांनी उतरायचं असतं. गावांची नावंसुद्धा कारेझवरून पडलेली.

मग विजेच्या कूपनलिका आल्या. बिल ठरावीक रकमेचं, बाकी सरकारी अनुदान. पाणी कितीही उपसा. आपल्याकडे हॉर्सपॉवरवर बिल लागायचं तेव्हा काय झालं, हे मी इथल्या वाचकांना सांगायचं म्हणजे काशीत गंगा विकायची. तिथं सफरचंद आणि द्राक्षाच्या बागा वाढल्या, चार पैसे आले, आणि भूजल खाली खाली गेलं. कारेझ एकेक करून कोरड्या पडल्या. त्यावर १९९८ ते २००२ चा दुष्काळ. लोकांनी वाढलेली झाडं तोडून सरपणाला विकली. जत-कवठेमहांकाळकडच्या ज्या शेतकऱ्याने टँकरने बाग जगवायचा प्रयत्न केलाय आणि शेवटी कुऱ्हाड लावलीय, त्याला हे वाक्य दोनदा वाचायची गरज नाही.

कारखाने नाहीत. सरकारी नोकऱ्या मोजक्या. मग राहिलं काय? रेषच राहिली.

तो धंदा कसा चालायचा ते नीट समजून घ्या. अफगाणिस्तानला समुद्र नाही. त्यामुळे १९६५ च्या करारापासून त्यांचा आयात माल कराचीच्या बंदरात उतरायचा आणि पाकिस्तानचा कर न भरता, सील लावलेल्या गाड्यांतून, चमन किंवा तोरखमच्या दरवाज्याने पलीकडे जायचा. चहा, कापड, टायर, विजेच्या वस्तू. पलीकडे वेशच्या बाजारात तो उतरायचा. जपान-दुबईहून आलेल्या जुन्या गाड्यांचाही तिथं मोठा बाजार. आता तोच टायर पाकिस्तानात अधिकृत आणायचा तर त्यावर भरपूर कर. मग सोपा हिशेब असा की टायर दरवाज्यातून पलीकडे गेला आणि माणसाच्या अंगावर बसून परत अलीकडे आला, तर तो स्वस्त.

त्या माणसाला तिथं 'लघरी' म्हणतात. खांद्यावर गोणी, पाठीवर कापडाचा गठ्ठा, हातगाडीवर टायर. एका खेपेला काही रुपये. सकाळपासून जितक्या खेपा तितकी कमाई. त्यात म्हातारे आहेत, शाळा सोडलेली पोरं आहेत. माल त्यांचा नाही. कराचीतल्या ज्या व्यापाऱ्याचा माल आहे त्याला त्यांनी कधी बघितलेलं नाही. वर्षानुवर्षं सरकारच्या डोळ्यादेखत, सरकारच्याच दरवाज्यातून हे चाललं. वाटेतल्या चौक्यांवर ज्याचं त्याला मिळत असणार, हे लिहायला मला पुरावा लागत नाही, वीस वर्षांची पत्रकारिता पुरे. आणि एक दिवस इस्लामाबादच्या लक्षात आलं की हे तस्कर आहेत.

इथं मला माझी एक गोष्ट सांगायचीय. ती सांगायची नाही असं सात-आठ वर्षं ठरवलं होतं.

आमच्या भागातून कर्नाटकची हद्द जवळ. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आल्यापासून तो कुठून येतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एका दुष्काळी वर्षात पोलिसांची प्रेसनोट आली. दुचाकीवरून गुटखा आणणारे तिघे पकडले. सोबत फोटो, तोंडाला रुमाल बांधलेली तीन पोरं आणि मागे साहेब लोक. मी मथळा दिला, 'गुटखा तस्करांची टोळी जेरबंद'. चार कॉलम लागला. खूश होतो मी.

तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकाची आई एसटीने ऑफिसात आली. पिशवीत तो पेपर. मला म्हणाली, "दादा, तस्कर म्हंजी काय वो? गावात समदी तसंच म्हणत्यात." मी काहीतरी पुटपुटलो. मग तिनेच सांगितलं की बोअर आटलं, द्राक्षाच्या बागेतलं काम बंद झालं, एका फेरीचे तीनशे रुपये मिळायचे. "पोतं कुणाचं हुतं ते का नाही छापलं?" हा तिचा दुसरा प्रश्न. पोतं कुणाचं हे मला माहीत होतं. गावाला माहीत होतं. नोटमध्ये नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. तिला मी चहा पाजला. जाताना तिने पेपर टेबलावरच ठेवला.

म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चमनच्या बातम्या वाचताना 'स्मगलर' हा शब्द आला की मी तिथंच अडकायचो.

तेव्हा झालं असं. पाकिस्तान सरकारने जाहीर केलं की १ नोव्हेंबर २०२३ पासून चमनच्या दरवाज्यातून फक्त पासपोर्ट-व्हिसावरच जाता येईल. ओळखपत्र, तझकिरा, सगळं बंद. त्याच सुमारास कागदपत्रं नसलेल्या अफगाणांना देशाबाहेर काढायची मोहीम सुरू झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या पाकिस्तानात राहिलेली कुटुंबं ट्रकवर पलंग-कोंबड्या लादून याच दरवाज्याने निघाली. सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही लिहायला हवं. देशात बॉम्बस्फोट वाढले होते, हल्लेखोर पलीकडून येतात असं त्यांचं म्हणणं. कुठला देश आपल्या सीमेवर पासपोर्ट मागत नाही? तत्त्व म्हणून चोख आहे. आणि तस्करीने कारखानदार, शेतकरी मरतो हेही खोटं नाही. चोरट्या मार्गाने येणाऱ्या चिनी बेदाण्यावर आपलेच द्राक्ष बागायतदार २०२५ मध्ये किती ओरडले, आठवा. मी त्या बातम्या स्वतः केल्यात.

पण रोज सकाळी शेतावर जाणाऱ्या माणसाने रोज व्हिसा काढायचा?

२१ ऑक्टोबर २०२३ ला चमनमध्ये धरणं सुरू झालं. पश्तोत त्याला 'परलत' म्हणतात, बैठक मारून बसणं. लघरी होते, व्यापारी होते, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांचे लोक होते. क्वेट्टा-कंदाहार रस्त्याशेजारी तंबू पडले. तिथला हिवाळा कडक असतो. तो गेला. रमजान गेला, ईद तंबूतच झाली. मे २०२४ मध्ये सुरक्षा दलांशी झटापट होऊन दोघं मेले. जूनमध्ये पुन्हा धरपकड, पुन्हा गोळीबार. शेवटी जुलै २०२४ मध्ये बोलणी होऊन लोक उठले. नऊ महिने. या नऊ महिन्यांत आपल्याकडच्या वृत्तवाहिन्यांवर चमन हा शब्द मला एकदाही ऐकू आला नाही. तिथं धूर निघाला तेव्हा मात्र तो लगेच आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर आला.

मला या लोकांचं गोडवं चित्र काढायचं नाही. त्या नऊ महिन्यांचे जेवढे फोटो मी बघितले त्यांत बाई जवळजवळ नाही. तंबू, फेटे, दाढ्या, पोरं, आणि बाई कुठेच नाही. मुलींच्या शिक्षणात हा पट्टा फार मागे. पोलिओचा विषाणू जगात ज्या मोजक्या ठिकाणी टिकून राहिला, त्यांत क्वेट्टा, पिशीन, किल्ला अब्दुल्ला हा पट्टा वर्षानुवर्षं होता. आणि भाऊबंदकी! गुलिस्तान भागात अचकझईंच्याच दोन शाखा १९९० च्या दशकात एकमेकांवर जड हत्यारं घेऊन उठल्या होत्या. आपल्याकडे बांधावरून कुऱ्हाड निघते, तिथं त्याहून मोठं काहीतरी निघतं.

आणि याच गुलिस्तानमधला एक माणूस. जालन्याच्या चमनचा उल्लेख केला होता तो यासाठी.

अब्दुल समद खान अचकझई. जन्म १९०७, गावाचं नाव इनायतुल्ला कारेझ. बघा, गावाच्या नावातच कारेझ. लोक त्यांना 'बलुची गांधी' म्हणायचे. अहिंसा मानणारे, काँग्रेसच्या बाजूचे, फाळणीच्या विरोधातले. १९३८ साली त्यांनी 'अंजुमन-ए-वतन' काढली आणि क्वेट्ट्यातून 'इस्तिक्लाल' नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं. सरहद्द गांधी, खान अब्दुल गफार खान, आपल्या पाठ्यपुस्तकात तरी होते. यांना तेवढीही जागा मिळाली नाही. इंग्रजांनी तुरुंगात टाकलं. इंग्रज गेले, तर पाकिस्तानने टाकलं. अयूब खानांच्या लष्करी राजवटीत जवळजवळ दहा वर्षं सलग आत. बाहेर येऊन पुन्हा तेच मागणं: प्रत्येक प्रौढाला मत, पश्तूनांना त्यांचा प्रांत. १९७० च्या निवडणुकीत प्रांतिक विधानसभेवर निवडून आले. २ डिसेंबर १९७३ ला क्वेट्ट्यात राहत्या घरी त्यांची हत्या झाली.

जिथं माणसं बोलली की तुरुंगात जातात, अशा ठिकाणी वर्तमानपत्र काढावंसं वाटणारा माणूस मला जवळचा वाटतो. आमच्या डिप्लोमाच्या वर्षात 'वृत्तपत्राचा इतिहास' म्हणून एक पेपर होता. 'दर्पण', 'केसरी', 'मूकनायक' सगळं पाठ केलं. आजूबाजूच्या मुलखात काय चाललं होतं ते कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

परत बेदाण्याकडे येतो, व्यापाऱ्यांना उत्तर द्यायचं राहिलंय.

कंदाहारचा बेदाणा करायची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी. तिकडे मातीची उंच खोली बांधतात, भिंतीला सगळीकडून भोकं. त्याला किश्मिशखाना म्हणतात. आत द्राक्षाचे घड टांगायचे. वारा भोकांतून फिरतो, ऊन लागत नाही, घड सावलीत हिरवेच वाळतात. आपण द्राक्षं डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर टाकतो, पंधरा-वीस दिवसांत माल तयार. हवामान वेगळं, घाई वेगळी, चवही थोडी वेगळी. अफगाण बेदाण्याला भारतात आयातशुल्काची सवलत, म्हणून आपल्या बागायतदाराचा त्यावर राग. तो राग मी समजू शकतो.

पण चमनला गोळी सुटली म्हणून तासगावला दर वाढेल, हा हिशेब वाटतो तेवढा सरळ नाही. वाघा-अटारीची वाट एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर आपणच बंद केली होती. मग अडकलेल्या काही अफगाण ट्रकांना तेवढी सवलत दिली. बाकीचा माल इराणच्या बंदरांतून समुद्रमार्गे येतो, काही विमानाने. ऑक्टोबरमध्ये जे झालं ते असं: ११-१२ तारखेला दोन्ही देशांच्या फौजा भिडल्या, सगळे दरवाजे व्यापाराला बंद झाले, १५ ला स्पिन बोल्डक-चमनला पुन्हा जोराची लढाई झाली आणि घरात बसलेली माणसं मेली, १९ ला दोह्यात युद्धबंदी ठरली. या सगळ्यात नुकसान झालं ते दरवाज्याला टेकून जगणाऱ्यांचं. ऑक्टोबर म्हणजे कंदाहारच्या डाळिंबाचा हंगाम. ट्रकमध्ये डाळिंब सडतं म्हणजे काय होतं, हे सांगोला-आटपाडीवाल्यांना विचारा.

हे सगळं मी त्या व्यापाऱ्यांना एका दमात सांगितलं नाही. एवढं कोण ऐकून घेतं. दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या दुकानी फराळाला गेलो तेव्हा तुकड्यातुकड्याने सांगितलं. लघरींचं ऐकताना मात्र ते थांबले. समोर त्यांचे दोन हमाल बसले होते, लाडू खात.

"एका खेपेला किती मिळायचं म्हणता त्यांना?"

"गोणीवर, वजनावर अवलंबून. आपल्या हमालीसारखंच."

"तोलाई-हमालीचा दर ठरलेला असतो का तिकडं? माथाडी वगैरे?"

"नाही."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि आता?"

"आता दरवाजा बंद आहे."

त्यांनी हमालांकडे बघितलं आणि चिवड्याचं ताट त्यांच्याकडे सरकवलं. दराचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की त्या कमानीखालून रोज सकाळी हजारो हमाल जायचे, आज ते घरी बसलेत. त्यावर दोन अंगठे आले, आणि एकाने विचारलं, "नक्की कुठं आहे हे चमन?" ही पोस्ट त्याच्यासाठी.